नऊ सेकंदांच्या टाळ्या

जयवंता, तू गेलास त्या दुपारी किन्हवलीत खालच्या आळीत हळद होती. खबर ऐकून मी टोकावड्याहून मोटरसायकलवर येत होतो आणि फाट्यापासूनच बेंजो ऐकू येत होता. तुझ्या घराशी पोचेपर्यंत तो बंद झाला. कुणी सांगायला गेलं होतं की बातमी आपसूक पोचली, ठाऊक नाही. नवरदेवाचा बाप पिवळ्या हातांनीच तुझ्या अंगणात येऊन बसला होता आणि वाजवणारी मंडळी वाद्यांवर चादरी टाकून झाडाखाली गप्प होती. नानांचा नियम अजून चालतो आहे, असं मनात आलं. आणि तो नियम मोडलेला माणूस त्या अंगणात मीच होतो.

पुण्याच्या त्या मंडळींनी आपल्या रेकॉर्डच्या कव्हरच्या आत छापायला माझ्याकडून मजकूर मागितला आहे. तू असतास तर तूच लिहिला असतास. ‘काळू’ नावाचा एक बँड होता, नदीचं नाव घेतलेली चार पोरं होती, मुरबाडच्या मैदानावर त्यांनी तीस वर्षांपूर्वी एक कार्यक्रम केला आणि त्याची एकच कॅसेट उरली, हे सगळं त्यांच्याकडे लिहून आहे. कोण कुठे जन्मला, काय शिकला, ते मी सांगत बसणार नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे. तू ऐकू शकत होतास तेव्हा बोललो नाही, म्हणून आता चारचौघांसमोर बोलावं लागतंय.

नानांपासूनच सुरू करतो, कारण सगळं तिथूनच येतं. तुझे वडील, गावच्या बेंजो पार्टीचे म्होरके. तू बेंजोवर, मी ताशावर, दोघांनाही मिसरूड फुटायच्या आधी त्यांनीच उभं केलं. शिकवताना ते फारसं बोलत नसत, चुकलं की नुसतं बघत. पण एक गोष्ट त्यांनी तोंडाने सांगितली होती आणि पुन्हा पुन्हा सांगितली होती. मयताची खबर आली की वाजप बंद. मग नवरा दारात असो नाहीतर बोहल्यावर. आठवतं ना, त्या वाडीतल्या वरातीत शेजारच्या पाड्यावरची म्हातारी गेल्याचं कळलं आणि नानांनी नुसता हात वर केला. मुलाकडचे खवळले. ती म्हातारी ना त्यांच्या जातीची ना गोताची. नाना शांतपणे म्हणाले, “वाजवणारा पयला मानूस हाय. हात थांबला नाय तर मग ता मशीन झाला.” आपण दोघं वाद्यं काखोटीला मारून चालत घरी आलो होतो आणि वाटेत तू म्हणालास की म्हाताऱ्याने जेवणावर पाणी सोडायला लावलं.

मग ती इंग्रजी कॅसेट आली. आसनगावला तू रेडिओ-टेपच्या दुकानात शिकाऊ होतास आणि कुणीतरी दुरुस्तीला टाकलेल्या टेपमध्ये ती अडकलेली होती. इंग्रजांच्या कुठल्याशा जुन्या बँडचा भरल्या मैदानातला कार्यक्रम. टेपचा मालक परत आलाच नाही. तू ती घरी आणलीस आणि आपण ती इतकी वाजवली की पट्टी जागोजाग चुरगळली. शब्द कुणाच्या बापाला कळत होते? पण तुला त्यातल्या गाण्यांइतकंच मधलं सगळं आवडायचं. तारा जुळवण्याचा आवाज, कुणीतरी खोकलेलं, गाणारा माणूस पाणी पितो ते. “ह्याच्यातच ते मैदान हाय,” तू म्हणायचास. नानांनी एकदा ओसरीवरून ऐकलं आणि विचारलं की हा गातोय की भांडतोय. पण दुसऱ्या दिवशी भात झोडताना त्यांनी तोच ठेका धरला होता, हे आपण दोघांनी पाहिलं आणि त्यांना कळू दिलं नाही.

तू गिटार बेंजोसारखी वाजवायचास. शिकलेली माणसं हसायची. तुझा स्वर सरळ उभा राहतच नसे, हळदीत थरथरावा तसा थरथरायचा. पुण्याची मंडळी आता म्हणतात की हे असं त्यांनी कुठेच ऐकलेलं नाही आणि रेकॉर्ड काढायची ती याच्यासाठी. माझ्या ड्रमबद्दल ते फक्त ‘जोरकस’ म्हणाले. बरोबरच आहे म्हणा.

आता ते मैदान. जानेवारीतली दुपार, शाळेचं स्नेहसंमेलन, पुढे खुर्च्यांवर पाहुणे आणि मागे मुरबाडची अर्धी बाजारपेठ. आपला बँड पहिल्यांदाच एवढ्या माणसांपुढे उभा होता. तू रेकॉर्डिंगसाठी दुकानातला डेक आणला होतास. माझे ड्रम नीट यावेत म्हणून तू मागच्या पडद्याला एक जादा माईक टांगलास, अगदी माझ्या डोक्याशी. त्या माईकसाठी मी तुझे आभार मानले होते.

शेवटचं गाणं लांबलचक होतं. त्यात माझा एकट्याचा भाग होता, वर्षभर मी तो पोत्यावर बडवून बसवला होता. त्याच्या आधीच्या गाण्याच्या टाळ्या चालू असताना पडदा हलला आणि तुझा चुलतभाऊ बाळाराम आत आला. घामाघूम, किन्हवलीहून मोटरसायकल हाणत आलेला. तू पाठमोरा, पुढे, तारा जुळवत होतास. तो माझ्या कानाशी वाकला.

“नाना गेले रे, सुब्या. जयवंताला घेऊन चल. उन्हं हायेत तवर उचलायचाय.”

मी म्हणालो, “थांब. एवढं गाणं होऊ दे. मी सांगतो त्याला.”

आणि काठ्या आपटून मी गाणं सुरू केलं.

इतकंच झालं. मी घाबरलो नव्हतो, गोंधळलोही नव्हतो. मला माझा भाग वाजवायचा होता. तीस वर्षं मी स्वतःला वेगवेगळ्या गोष्टी सांगून पाहिल्या. तुला भर मैदानात धक्का बसू नये म्हणून केलं, दहाबारा मिनिटांनी काय बिघडणार होतं, नाना तर गेलेच होते. एकही टिकली नाही. कारण गाणं संपल्यावर पोरांनी ‘वन्स मोअर’ केलं, तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस आणि मी पुन्हा काठ्या आपटल्या. बाळाराम पडद्याला धरून उभा होता. त्याच्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

मग मी तुला सांगितलं. तू गिटार तिथेच जमिनीवर ठेवलीस. बाळाराम पुढे, तू मध्ये, मी मागे, असे तिघं एका गाडीवर निघालो. सरळगावाच्या पुढे तू मान न वळवता विचारलंस, “निरोप कवा आला?”

मी म्हणालो, “आत्ताच. गाणं संपताना.”

बाळाराम गाडी चालवत राहिला. त्याने तेव्हा काही म्हटलं असतं तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. पण थांबला तोही होता. दोष दोघांत वाटला गेला की दोन्ही तोंडं बंद राहतात.

नदीकाठचा धूर रस्त्यावरूनच दिसला. तू चालत्या गाडीवरून उतरायला गेलास आणि पडलास, गुडघा फुटला. मंडळी परत निघाली होती. जाणत्यांनी वाट बघितली होती, पण बाळाराम तुझ्यापर्यंत पोचला की नाही याचा पत्ता नव्हता, फोन नव्हते आणि सूर्य टेकला होता. शेवटी तुझ्या धाकट्या भावाच्या, यशवंताच्या हातून अग्नी दिला. कुणीतरी तुला म्हणालं, “अर्धा घंटाच झाला बघ.” मी मनातल्या मनात गाणं आणि वन्स मोअर मोजलं. अर्धाच तास होत होता.

तू पुन्हा चारचौघांत वाजवलं नाहीस. बाकी दोघे, गाणारा आणि बासवाला, तुला समजवायला आले, मीही आलो, लाज सोडून आलो. तू म्हणालास की घरात बाप पडला होता आणि मी वाजवत होतो, आता हाताला ते येत नाय. तुला माहीत नव्हतं रे, त्यात तुझा काय दोष, असं मी म्हणालो. खरं सांगायची याच्याहून सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. तू स्वतःला शिक्षा देत राहिलास आणि मी ती देऊ दिली. शहापूरला तुझं दुकान झालं, आधी रेडिओ, मग टीव्ही, मग मोबाईल. गिटार दुकानात खिळ्याला टांगलेली असायची. कुणी विचारलं तर दुरुस्तीला आली आहे म्हणून सांगायचास. मी टोकावड्याला शाळेत लागलो. तुझ्या लग्नात मी नाचलो, तुझ्या प्रणालीच्या बारशाला पेढे वाटले, तुझ्या घरी दर दिवाळीला जेवलो. वाईट मैत्री नव्हती आपली. एका जागेवर पाय द्यायचा नाही एवढं सांभाळलं की बाकीचं घर वापरता येतं.

दोन वर्षांपूर्वी तू ट्रंकेतून ती कॅसेट काढलीस. मुरबाडहून कुणीतरी सामान आणून दिलं तेव्हा तिच्यात टाकली होतीस आणि मग हातही लावला नव्हतास. पुण्याच्या त्या मंडळींतल्या एका मुलीजवळ तू कधीतरी बँडबद्दल बोलला होतास, ती मागेच लागली. तू मला फोन करून सांगितलंस आणि मला पडद्याला टांगलेला तो माईक आठवला. मी म्हटलं, बुरशी लागली असेल, कशाला नाद करतोस. तू म्हणालास, लागलीय, पण निघेल.

त्याच सुमारास तुझ्या जिभेचा आजार निघाला. तंबाखू. मी किती ओरडलो होतो, तू किती हसला होतास. ऑपरेशननंतर बोलणं गेलं आणि तू कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायला लागलास. बोलत होतास तेव्हापेक्षा जास्त लिहायचास. दिवसभर कानाला हेडफोन लावून संगणकावर ती टेप साफ करायचास, खरखर काढायचास, आणि घरातल्यांना वाटायचं की बरं आहे, मन रमतंय. मला वाटायचं, हा माणूस रोज थोडा थोडा त्या जागेकडे सरकतो आहे.

आपलं भांडण त्यावरच झालं. मी दुकानात आलो होतो. मी म्हणालो, हल्ली लोकांना दम नसतो, गाणी तेवढी ठेव, मधलं बोलणं काढून टाक. तू लिहिलंस: मग ते मैदान कुठं राहील? मी म्हणालो, कुणाला हवंय मैदान. तू लिहिलंस: जसं झालं तसं. खोकला पण ठेवणार. मी चिडलो. आजारी माणसावर ओरडलो. तू हेडफोन काढून माझ्यापुढे धरलास आणि मी ते घेतले नाहीत. मग तू एका पानावर लिहिलंस: तू दाखव कुठं कापायचं, मी कापतो.

मी म्हणालो, एसटीची वेळ झाली माझी. चहा अर्धा टाकून उठलो. ते पान माझ्या खिशात कसं आलं आठवत नाही, पण आलं. अजून पाकिटात आहे. त्यानंतर तुला पाहिलं ते अंगणात, हळदीच्या दिवशी.

तुला नदीवर नेलं तेव्हा ऊन चांगलं वर होतं. घाई नव्हती. अग्नी कोण देणार यावर कुजबुज सुरू झाली, कारण तुला प्रणाली एकटीच. दोघाचौघांनी पुतण्याचं नाव काढलं. प्रणाली मडक्याजवळून हलली नाही. तेव्हा यशवंता, जो कधी चार माणसांत तोंड उघडत नाही, तो म्हणाला, “तिच्या बापाला त्याच्या बापाचा अग्नी मिळाला नाय. तिला तरी द्या.” मग मडकं प्रणालीच्याच खांद्यावर दिलं. मी ते ऐकलं आणि उभा राहिलो. जयवंता, तुझ्या चितेपुढे मी दोन पायांवर उभा राहू शकलो याची मला अजून किळस येते.

परत येताना बाळारामाने माझा हात धरला. म्हातारा झालाय, ऐकू कमी येतं. म्हणाला, “त्या दिवशी मीच हाक मारायला पायजे व्हती.” मी त्याला म्हणायला हवं होतं की तुझा दोष नाही. तेही मी म्हणालो नाही.

दहाव्याला प्रणालीने माझ्या हातात एक पाकीट दिलं. पप्पांनी काम पुरं केलंय, म्हणाली, पुण्याला पाठवायच्या आधी तुम्ही एकदा ऐका, बँडमधले आसपास तुम्हीच उरलात ऐकायला. आत पेनड्राइव्ह होता, मूळ कॅसेट होती आणि कव्हरच्या मागे छापायला तू स्वतःच्या हाताने लिहिलेलं एकच वाक्य होतं: या ध्वनिमुद्रणात कुठेही काटछाट केलेली नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी दार लावून ऐकायला बसलो. सगळं होतं. मुख्याध्यापकांचं लांबलेलं प्रास्ताविक, माईकची शिट्टी, तू ‘आवाज येतोय का’ विचारतोस ते, कुणाचा तरी खोकला. तुझा तरणा आवाज ऐकून रडू येईल असं वाटलं होतं, पण मी नुसता वाट बघत होतो. शेवटून दुसरं गाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या चालू राहिल्या, चालूच राहिल्या, आणि मग माझ्या काठ्यांचे चार ठोके पडले. बाळाराम नव्हता. मी नव्हतो.

मला वाटलं, माईकने पकडलंच नसेल. तीस वर्षं उगाच मेलो. मग मी पुन्हा ऐकलं. त्या टाळ्यांत कुणीतरी शिट्टी मारतो, शेवटी चिरकून तुटते ती. तीच शिट्टी, तशीच तुटलेली, दुसऱ्या गाण्यानंतरही होती. मी कॅसेट लावली. तिथे आम्ही दोघं होतो, स्वच्छ, कानाशी बोलावं तसे. नाना गेले रे सुब्या. थांब, एवढं गाणं होऊ दे. घड्याळ लावून बघितलं तर नऊ सेकंद. तू त्यांच्यावर दुसऱ्या गाण्याच्या टाळ्या आणून पसरल्या होत्यास, इतक्या निगुतीने की कुणाला कधी कळलं नसतं.

सारा गाव आपलं ठेवतो झाकून आणि दुसऱ्याचं बघतो वाकून. तू माझं झाकलंस. ज्याने खोकला कापला नाही, त्याने तेवढं झाकलं आणि खाली स्वतःच्या हाताने खोटं लिहिलं. मी तुला जागा दाखवली नाही म्हणून तूच शोधलीस. की तुला आधीपासून माहीत होतं, त्या मोटरसायकलवरच कळलं होतं? माझ्यासाठी झाकलंस, की तुला स्वतःला ऐकवत नव्हतं म्हणून? हेडफोन पुढे केलेस तेव्हा तू मला पकडत होतास की सोडवत होतास? या प्रश्नांची उत्तरं तुझ्याकडे होती आणि पानंही तुझ्याकडे भरपूर होती. मी विचारलं असतं तर तू लिहिलं असतंस.

क्षमा केलीस असं मी धरून चालणार नाही. ते फार सोयीचं आहे, आणि सोयीचं मी पुष्कळ केलंय.

मी कॅसेट घेऊन शहापूरला गेलो. दुकान उघडं होतं, प्रणाली खुर्चीत बसून गिऱ्हाइकाचा मोबाईल पुसत होती. गिऱ्हाईक गेल्यावर मी तिला म्हटलं, तुझ्या पप्पांच्या डेकवर हे ऐक. आणि ती जागा लावली. तिने एकदा ऐकलं. मग मागे घेऊन पुन्हा ऐकलं. गाणं सुरू झाल्यावर तिने ते बंद केलं नाही, पुरं ऐकलं, माझा भाग, वन्स मोअर, सगळं. तू त्यात कसा वाजवला आहेस, जयवंता. नाना तिकडे ओसरीवर पडलेले आणि तू इकडे हळदीत वाजवावं तसा वाजवतोयस, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. आम्ही दोघांनी ते ऐकलं आणि मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “पप्पा होते तवर सांगायचं ना, काका.”

मी हो म्हणालो.

मग तिने गिटार खिळ्यावरून काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि परत टांगली. मला बस म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. मी कॅसेट घेऊन निघालो.

पुण्याला मी काल कळवलं. टाळ्यांचा तो तुकडा काढा, कॅसेटवरचे नऊ सेकंद जसेच्या तसे घाला, आणि हा मजकूर आत छापा. त्यांनी विचारलं, वडिलांच्या शेवटच्या कामात हात घालायला मुलीची हरकत नाही ना. प्रणालीने त्यांना फोनवर एवढंच सांगितलं की कव्हरच्या मागचं वाक्य तेवढं बदलू नका.

ते बदललेलं नाही. या ध्वनिमुद्रणात कुठेही काटछाट केलेली नाही. तू लिहिलंस तेव्हा ते खरं नव्हतं, जयवंता. आता आहे.